आधी अडलं कुठे ते शोध

मुलुंड (पूर्व)

चि. मनू,


घाटकोपरच्या शाळेत रुजू झालीस, पाचवी ते आठवीचं गणित-विज्ञान हाती आलं, हे वाचून फार आनंद झाला. इंटरनेटवर फुकट मिळणारं, शिक्षकांच्या आणि मुलांच्या उपयोगाचं जे जे आहे त्याची यादी तू मागितली आहेस. यादी देते, पण नुसती यादी देऊन भागणार नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी पीडीएफ आणि व्हिडिओ येऊन पडतात. ते साठवत गेलीस तर मोबाइल भरेल आणि वर्गाच्या पदरात काहीच पडणार नाही. म्हणून एक गोष्ट आधी मनावर घे. शोधायला बसण्यापूर्वी मूल नेमकं कुठे अडलंय हे तुला ठाऊक हवं. प्रश्न हातात असला की साधन सापडतं, आणि सापडलेलं साधन कामाचं आहे की नाही हेही कळतं.

अपूर्णांकांचंच घे. १/२ + १/३ हे गणित फळ्यावर घाल. काही मुलं २/५ असं उत्तर लिहितील. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झालं. इथे लगेच 'अपूर्णांकांची बेरीज' म्हणून व्हिडिओ शोधू नकोस. त्या मुलाला जवळ बोलाव आणि विचार, "अर्धी भाकरी होती, त्यात आणखी तुकडा घातला, मग ती अर्ध्याहून कमी कशी झाली?" कारण २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे. हे त्याला दिसत नसेल, तर त्याचं अडणं बेरजेत नाही. छेद म्हणजे काय हेच त्याला उमगलेलं नाही. त्याला रीत पुन्हा सांगून उपयोग नाही. कागदाची पट्टी दे, तिला सारखे सहा भाग पडतील अशा घड्या घालायला सांग, तीन भाग रंगव, मग आणखी दोन रंगव. ५/६ त्याचं तोच म्हणेल. हे झाल्यावर फेट या सिम्युलेशन्सच्या संकेतस्थळावर जा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. पडद्यावर छेद वाढवला की भाग लहान होताना दिसतात, आणि मुलाला ते स्वतःच्या बोटानं करून पाहता येतं. नवी सिम्युलेशन्स फाइल म्हणून उतरवून ठेवता येतात, मग वर्गात नेट नसलं तरी ती ब्राउझरमध्ये चालतात.

आता यादी. सुरुवात हातातल्या पुस्तकापासून कर. बालभारतीची स्थापना १९६७ची. तिची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. मूल पुस्तक घरी विसरलं, पान फाटलं, मागच्या इयत्तेतला भाग पुन्हा घ्यायचा आहे, अशा वेळी कुठल्याही ग्रुपवरची अर्धवट स्कॅन केलेली प्रत घेऊ नकोस, तिथली मूळ प्रत घे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आणि पाठापाठांत क्यूआर कोड छापलेले असतात. ते दीक्षा ॲपवर उघडतात. दीक्षा २०१७ साली शिक्षकदिनी सुरू झालं. त्यातलं साहित्य पाठाला जोडलेलं असल्यानं शोधाशोध वाचते. पण कोड आहे म्हणून आंधळेपणानं लावू नकोस. तू अंधेरीहून मेट्रोनं येतेस ना, तेवढ्या वेळात उद्याचा व्हिडिओ कानाला इअरफोन लावून अथपासून इतिपर्यंत बघून घे. कुठे थांबवायचा, थांबवून काय विचारायचं, हे पाठाच्या टाचणात लिही. दहा मिनिटांच्या व्हिडिओतली दोनच मिनिटं कामाची असतील, तर तेवढीच दाखव.

विज्ञानाला हात लागले पाहिजेत, आणि तुझ्या शाळेत प्रयोगसाहित्य बेताचं आहे असं तू लिहितेस. मग अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर जा. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस १९७८च्या सुमारास होशंगाबाद जिल्ह्यातल्या गावांत गेला आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्यापासून त्यानं भूमितीचे आकार बांधले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीच काडी-नळी घे. तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन मुलांकडून करून घे आणि दोन्ही दाबायला सांग. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. मग घाटकोपर स्थानकावरच्या छपराच्या कैच्या बघायला सांग, म्हणजे लोखंडाच्या सांगाड्यात त्रिकोण का घालतात हे वेगळं सांगावं लागणार नाही. अशा खेळण्यांची कृती, छोट्या फिल्म आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं त्यांनी तिथे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत.

वाचनासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. २०१५पासून तिथे मराठीतही सचित्र गोष्टी वाचायला आणि छापायला मिळतात, त्याही वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या. संदर्भासाठी वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आहे. त्याचे खंड आता ऑनलाइन आहेत. विश्वकोश वापरताना नोंद कधीची हे बघ. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळलं. त्याआधीच्या लेखनात तो ग्रहच असणार. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर असतात, त्यासाठी पालकांना खर्चात पाडू नकोस. हुशार मुलांना ऑलिंपियाडचे प्रश्न द्यायचे असतील तर तुझ्या शाळेपासून जवळच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मागच्या परीक्षांचे पेपर त्यांनी खुले ठेवले आहेत.

फुकट म्हटलं की दोन गोष्टी तपासायच्याच. पहिली, बदल्यात काय मागतात. मुलाचं नाव, पालकांचा नंबर, शाळेचं नाव विचारणारं ॲप खरोखर फुकट नसतं. नंबर दिला की क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि ज्या घरात फी भरायची ऐपत नाही तिथे ते फोन आईबापांच्या जिवाला घोर लावतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. ती संमती तू परस्पर देऊ शकत नाहीस. दुसरी गोष्ट, वापरायची परवानगी काय आहे. शिकवताना एखादा उतारा वर्गापुरता उतरवून घ्यायला आपला १९५७चा कॉपीराइट कायदा शिक्षकाला मोकळीक देतो. तोच उतारा तुझ्या नावानं यूट्यूबवर टाकायला देत नाही. लेखक वारल्यावर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११पासून त्यांचं साहित्य कुणीही छापू शकतं. विकिपीडिया आणि स्टोरीवीव्हरवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव देऊन ते वापरता येतं, बदलताही येतं. नाव द्यायला कंटाळू नकोस. तू नाव दिलेलं पाहूनच मुलंही द्यायला शिकतील.

मुलांच्या घरचाही विचार कर. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांत एका घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. रात्री ते परतल्यावर तीन भावंडांत अर्धा तास वाटायचा असतो. अशा मुलांना लिंक पाठवून 'गृहपाठ दिला' असं समजू नकोस. जे दाखवायचं ते वर्गात दाखव, घरी न्यायला एका पानाची छापील कृती दे. फोनवाल्या मुलाचा अभ्यास झाला आणि बिनफोनवाल्याचा राहिला, तर ते साधन कितीही चांगलं असो, तुझ्या वर्गापुरतं ते अपुरं आहे.

स्वतःही शिकत राहा. पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिबरऑफिस, जिओजेब्रा, पायथन यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे दहाएक मिनिटांचे पाठ देतो. त्यातले पुष्कळ मराठी निवेदनासह आहेत. एका बाजूला पाठ लावायचा आणि दुसऱ्या बाजूला आपण तसंच करत जायचं, अशी त्याची रीत आहे. नुसतं बघून सोडलंस तर हाती काही राहणार नाही.

शेवटचं, आणि माझ्या मनातलं सर्वांत मोठं. हे सगळं कुणीतरी रात्री जागून केलं आणि आपल्यासाठी मोकळं ठेवलं, म्हणून तुला मिळतंय. मराठी विकिपीडिया २००३पासून अशाच हौसेनं लिहिणाऱ्यांच्या जिवावर उभा आहे. गणित-विज्ञानाचं चांगलं साहित्य इंग्रजीत रग्गड आहे, मराठीत अजून फार थोडं. तेव्हा घेत राहशील तसं देतही जा. अपूर्णांकांची जी कृती तुझ्या वर्गात चालली, ती पानभर नीट लिही, कुठे मुलं गोंधळली तेही लिही, आणि खुल्या परवान्यानं ठेव. एखादी चांगली गोष्ट स्टोरीवीव्हरवर मराठीत आण. मुलुंडच्या, बोरिवलीच्या, पार गडचिरोलीच्या एखाद्या नव्या शिक्षिकेच्या वर्गातलं मूल नेमकं तिथेच अडलेलं असेल.

आता यादी तुझ्याकडे आहे. पुढच्या पत्रात कोणती साइट उघडलीस ते कळवू नकोस. वर्गातलं कोणतं मूल कुठे अडलं होतं आणि ते पुढे कसं सरकलं, ते सविस्तर कळव. दादा-वहिनींना नमस्कार सांग. तब्येतीला जप, डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आत्या