जस्ताची गोळी आणि प्रोस्टेट

साठी जवळ आलेल्या पुरुषाने रात्री तीनदा उठावं लागतं असं कट्ट्यावर सांगितलं, की ‘झिंक सुरू कर’ हा सल्ला ठरलेला. त्यामागचा तर्क वरवर बिनतोड वाटतो. शरीरातल्या मऊ अवयवांत सर्वाधिक जस्त प्रोस्टेटमध्ये असतं आणि कर्करोग झालेल्या भागात ते फार घटतं, तेव्हा बाहेरून भरपाई करावी. माझ्या मते गफलत इथेच होते. प्रोस्टेटच्या पेशी जस्त ओढून घेतात ते टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या हुकमाने. साठलेलं जस्त ॲकोनिटेज हे विकर अडवून धरतं, म्हणून सायट्रेट जळून न जाता वीर्यासाठी साचतं. पेशी कर्करोगाकडे झुकली की जस्त आत घेणारी वाटच मिटते. कोठाराचं दार बंद असताना अंगणात पोती ओतून काय साधणार?

अमेरिकेत आरोग्यसेवेतल्या ४६,९७४ पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. रोज १०० मिलिग्रॅमपर्यंत पूरक जस्त घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. त्याहून जास्त घेणाऱ्यांत मात्र बळावलेल्या कर्करोगाची जोखीम २.२९ पट निघाली. ‘आधीच त्रास असलेलेच जास्त गोळ्या घेत असतील’ ही शंका रास्त आहे. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण डोळ्यांच्या एका चाचणीत गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. तिथे रोज ८० मिलिग्रॅम जस्त घेणाऱ्यांपैकी ११.१ टक्क्यांना मूत्र-जननसंस्थेच्या तक्रारींसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, न घेणाऱ्यांपैकी ७.६ टक्क्यांना. टेस्टोस्टेरॉनला अधिक जहाल रूप देणारं विकर जस्त रोखतं, असाही दावा होतो. प्रयोगशाळेत ते दिसलंय, पण काचेतल्या द्रावणात जस्त हवं तेवढं घालता येतं. गिळलेल्या गोळीचं तसं नसतं.

आपल्या डाळी-धान्यांतलं फायटेट जस्त अडवतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर मोड आणणं आणि आंबवणं हे उपाय घरातच आहेत. कमतरता दिसलीच तर डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा, ठरावीक दिवस. गोळ्यांच्या पाकिटावर आकडा कशाचा आहे तेही पाहा: २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये प्रत्यक्ष जस्त सुमारे ५० मिलिग्रॅम असतं, आणि प्रौढांसाठी अमेरिकेने आखलेली दिवसाची कमाल मर्यादा ४० आहे. शिवाय मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणि ‘पुरुषांसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीतही जस्त असतंच. रात्री उठावं लागत असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाताना ही सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.