आवाजाची खोली

मुलांनो, मुंबईत नायगावजवळ, दादरला दादासाहेब फाळके मार्ग आहे. १९१२ साली फाळके दादरला राहत होते. त्यांनी आपल्या राहत्या घरीच चित्रपटाचा स्टुडिओ उभारला. फिल्म धुण्याचे कामही घरीच होई. त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मदत करीत. असा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि १९१३ साली लोकांनी तो पाहिला.

तो चित्रपट मूक होता. त्यासाठी उजेड हवा होता, शांतता नव्हे. १९३१ साली अर्देशीर इराणी यांनी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट काढला. त्यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता. गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येई. म्हणून बरेचसे काम रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागे.

आज मायक्रोफोन आणि संगणक असला, की घरीही ध्वनिमुद्रण करता येते. पण गोंगाटाची अडचण जुनीच आहे. समजा, नायगावात एका जुन्या घरामागे पत्र्याची अडगळीची खोली आहे. तेथे आवाज मुद्रित करायचा आहे. मग काय करावे?

पहिले काम म्हणजे बाहेरचा आवाज अडवणे. जेथून हवा शिरते, तेथून आवाजही शिरतो. म्हणून दाराखिडक्यांच्या फटी रबरी पट्ट्यांनी बुजवाव्यात. दार पोकळ नको, जड हवे. पावसाळ्यात पत्रा ताशासारखा वाजतो. त्यासाठी पत्र्याखाली थोडी जागा सोडून दुसरे जाड छत घालावे.

दुसरे काम म्हणजे आतला आवाज घुमू न देणे. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. आवाज भिंतींवर आपटून परत येतो. भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या आणि जमिनीवर सतरंजी घातली, की तो बराच विरतो. मात्र आधी भिंतींची ओल घालवावी. काही लोक भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवतात. त्यांनी बाहेरचा गोंगाट थांबत नाही. शिवाय ते चटकन पेट घेतात.

ध्वनिमुद्रण चालू असताना पंखा बंद ठेवावा. बंद खोलीत गुदमरू नये म्हणून अधूनमधून दार उघडावे.

एवढी खटपट कशासाठी? नायगाव-परळ भागातील बहुतेक कापडगिरण्या आता बंद झाल्या आहेत. तेथे राबलेली माणसे म्हातारी झाली आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपायच्या असतील, तर उशीर करून चालणार नाही. त्यासाठी महागडी यंत्रे नसली तरी चालेल; एक शांत खोली आणि मन लावून ऐकणारा माणूस मात्र हवा.

शब्दार्थ
मूक – खामोश
फट – दरार
ओल – नमी
अडगळ – निरुपयोगी सामान

प्रश्न
१. 'आलम आरा'चे बरेचसे काम रात्री का करावे लागले?
२. बाहेरचा आवाज अडवण्यासाठी कोणते उपाय सांगितले आहेत?
३. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या कामाविषयी विचारा आणि पाच वाक्ये लिहा.