बॉटलब्रशला कात्री लावण्याआधी

बॉटलब्रश काटक झाड आहे, लावा आणि विसरून जा, असं रोपवाटिकेत हमखास सांगतात. काटक आहे हे खरं. विसरून जा, हे मात्र ऐकू नका.

आमच्या सोसायटीत कुंपणालगत बॉटलब्रशची ओळ आहे. बागेचं काम नव्या कंत्राटदाराकडे गेलं आणि त्याच्या माणसांनी ऐन जानेवारीत, मेंदीच्या कुंपणाला चालवतात ती लांब पात्यांची कात्री चालवून सगळी झाडं एका उंचीला सपाट केली. सभासद खूश, कारण ओळ टापटीप दिसू लागली. थंडी ओसरली, उन्हाळा लागला, आणि अख्ख्या ओळीत लाल म्हणून काही दिसेना. रोज सकाळी येणारे शिंजीर शेजारच्या बंगल्यात जाऊ लागले. कळ्या शेंड्यांत धरतात, आणि शेंडे तर केव्हाच कचऱ्याच्या गाडीत गेले होते.

कात्री कुठे लावायची हे समजायला फांदी हातात घेऊन बघावी. लाल दिसतात ते पुंकेसर. पाकळ्या बारीक आणि लवकर गळून जाणाऱ्या. तुऱ्यापाशी फांदी संपत नाही, हे याचं वैशिष्ट्य. तुऱ्याच्या टोकातूनच नवी पालवी पुढे सरकते आणि फुलांच्या जागी करडी, कठीण बोंडं उरतात, मिरीचे दाणे फांदीला डकवल्यासारखी. ती वर्षानुवर्षं गळत नाहीत. त्यामुळे जुन्या फांदीवर बोंडांचा पट्टा, मग पानं, पुन्हा बोंडांचा पट्टा असा मागचा सगळा हिशेब दिसतो. आतली फांदी मात्र उघडी पडत जाते आणि झाड खालून खराट्यासारखं होतं.

म्हणून तुरा सुकला, की बोंडं टणक व्हायच्या आत, तुऱ्याच्या जरासं खाली, पानं असलेल्या जागी कापावं. तिथून दोन-तीन फुटवे येतात आणि पुढच्या बहराला तितके तुरे वाढतात. कात्री हातातली, छोटी, धारदार. वेळ लागतो, पण घरच्या एका झाडाला असा कितीसा लागणार! जुनं, रापलेलं झाड एकदम बुंध्यापर्यंत उतरवू नये. फुटतं ते, पण फुलांसाठी वाट बघायला लावतं. दरवर्षी साधारण एक तृतीयांश जुन्या फांद्या काढाव्यात. हे जड काम पावसाच्या तोंडावर केलेलं बरं.

आमच्या ओळीला फुलं नाहीत म्हटल्यावर सोसायटीत कुणीतरी उपाय सुचवला आणि आळ्यांत डीएपी पडलं. त्यात ४६ टक्के स्फुरद. आमच्याकडची माती आधीच चुनखडीची, वर बोअरचं जड पाणी. अशा जमिनीत झाडाला लोह मिळणं मुळात अवघड, जादा स्फुरदाने ते आणखी अवघड होतं. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे लक्षण नव्या पानांवर दिसलं तर नत्र कमी पडलं म्हणून युरिया टाकत बसू नका. नत्राच्या कमतरतेत आधी जुनी पानं पिवळी पडतात. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून ऊन उतरल्यावर फवारलं, तर पानं सावरतात. चुनखडीच्या मातीत चिलेटेड लोह आळ्यात देणं जास्त टिकाऊ. एरवी वर्षातून एक-दोनदा गांडूळखत आणि बुंध्यापासून थोडं दूर पालापाचोळ्याचं आच्छादन याला पुरतं.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. ऑस्ट्रेलियातलं झाड म्हणजे वाळवंटातलं, असं लोक धरून चालतात. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा, फांद्या खाली झुकणारा बॉटलब्रश तिथल्या पूर्वेकडच्या ओढ्याकाठचा आहे. मुळं खोल गेली की तो ताण सोसतो, पण पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्याला नेमाने आणि मुरवून पाणी हवं. सावलीत मात्र काही केल्या फुलत नाही.

तो झुकणारा प्रकार झुडूप नव्हे, पंधरा-वीस फुटांचं झाड आहे. खिडकीखाली किंवा ड्रेनेजच्या चेंबरजवळ लावून मग दरवर्षी छाटत बसण्यापेक्षा रोप घेतानाच जात विचारा. ताठ वाढणारा, लिंबाच्या वासाचा प्रकार आटोपशीर राहतो. पान चुरगळून वास घेतला की ओळखू येतो. कुंडीसाठी 'लिटल जॉन'सारखी ठेंगणी जात बघा. बोंडांतून धुळीसारखं बारीक बी भरपूर मिळतं, पण त्या रोपांना फुलायला वर्षं लागतात आणि रंग आईचाच येईल याची खात्री नसते. आवडलेल्या झाडाची अर्धवट पक्व फांदी पावसाळ्यात कलमाला लावावी, आणि तीही बहर उतरून गेल्यावरच.