तपासणी वस्तीत यावी

आमच्या खालांची पाळी बंद होऊन आठ वर्षे झाली होती, तेव्हा पुन्हा रक्त जाऊ लागले. घरात ही गोष्ट सांगावयास त्यांनी सात महिने लावले. दुखत नव्हते, म्हणून विशेष काही नसेल अशी समजूत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, तेव्हा तो बराच पसरला होता. रुग्णालय घरापासून बसने अवघ्या अर्ध्या तासावर होते.

हा रोग एकाएकी होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरात टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशी बदलत जातात आणि त्यांचा कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. त्या अवधीत बदललेला भाग सापडल्यास तो लहानशा उपचाराने काढून टाकता येतो. मग एवढा अवकाश असून इतक्या बाया दगावतात कशा?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने या प्रश्नाचा फार मोलाचा अभ्यास केला. १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा तपासणी झाली. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे शिक्षण दिलेल्या बायाच होत्या. साधन म्हणाल तर व्हिनेगर! ते सौम्य आम्ल लावून मिनिटभर थांबावयाचे; सदोष भाग पांढरा दिसतो. या वस्त्यांत ह्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

आम्हांस मात्र त्यातले दुसरेच आकडे अधिक बोलके वाटतात. वस्तीतील तपासणीस बोलावलेल्यांपैकी शंभरांत ८९ स्त्रिया आल्या. पण दोष आढळल्यावर निदान पक्के करण्यास गेल्या त्या शंभरांत ७९. दर पाचांतील एक बाई, धोका कळूनही, मागे राहिली.

पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांतही असा अभ्यास झाला. तेथे व्हिनेगरच्या तपासणीचा तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. परंतु एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ह्या तपासणीचा नमुना बाईला स्वतःच्या हाताने, आडोशाला घेता येतो. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेचीही तिशीनंतर याच तपासणीची शिफारस आहे. पडद्यात वाढलेल्या आमच्या भगिनींना हे केवढे सोयीचे! अर्थात, रक्त जात असेल तिने शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.

आपला न्यास वर्षातून एकदा आरोग्य-शिबिर भरवितो. आमची सूचना एवढीच, की शिबिरात दोष निघालेल्या प्रत्येक बाईचे नाव महिला मंडळाच्या दोघींकडे द्यावे, आणि तिच्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत त्यांनी उभे राहावे. खालांबरोबर पहिल्या खेपेस कोणीच गेले नव्हते. त्या केसपेपर काढूनच परत आल्या होत्या.