जिनशानचे शेतकरी-चित्रकार

प्रस्तावना

चित्रकार म्हटले की कलाविद्यालयात शिकलेली, रंगांच्या सान्निध्यात दिवस घालवणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु भाताची रोपे लावणाऱ्या, जाळी विणणाऱ्या आणि चुलीपुढे राबणाऱ्या हातांनीही उत्तम चित्रे घडवली आहेत. चीनमधील शांघाय महानगराच्या नैऋत्येस जिनशान नावाचा भाग आहे. तेथील शेतकऱ्यांची चित्रे आज जगभर ओळखली जातात. या पाठात आपण जिनशानमधील एका चित्रग्रामाला भेट देणार आहोत आणि तेथील कलेचा इतिहास समजून घेणार आहोत. पाठ वाचताना एक प्रश्न मनात जागा ठेवा : चित्रात काय काढायचे, हे कोण ठरवते?

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• जिनशानच्या शेतकरी-चित्रकलेचा उगम व विकास सांगता येईल;
• या चित्रांची वैशिष्ट्ये स्पष्ट करता येतील;
• शासन, शिक्षक आणि बाजारपेठ यांचा लोककलेवर होणारा परिणाम ओळखता येईल;
• आपल्या परिसरातील लोककलेविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. कालव्यांच्या प्रदेशात

यांगत्से नदीच्या मुखाजवळचा प्रदेश सखल आणि पाणथळ आहे. नद्या, कालवे आणि तळी यांचे जाळेच येथे पसरले आहे. या प्रदेशात, शांघायच्या मध्यभागापासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर फेंगजिंग हे प्राचीन गाव वसले आहे. कमानीचे दगडी पूल, कालव्याच्या दोन्ही काठांवर दाटीने उभी असलेली घरे आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या हे या गावाचे रूप. पूर्वी माणसांची व मालाची ने-आण येथे होड्यांतूनच होत असे.

फेंगजिंगच्या परिसरातच झोंगहोंग हे खेडे आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या खेड्यात शेतकऱ्यांच्या चित्रांचे ग्राम उभे करण्यात आले. पांढऱ्या भिंतींची आणि काळ्या कौलांची घरे, त्यांच्या भिंतींवर रंगवलेली मोठमोठी चित्रे आणि आजूबाजूला शेते असे त्याचे स्वरूप आहे. जिनशानच्या चित्रकारांबरोबरच चीनच्या इतर प्रांतांतील शेतकरी-चित्रकारांनाही येथे कामासाठी जागा देण्यात आली. येणाऱ्या पाहुण्याला चित्रकार काम करताना पाहता यावा, त्याच्याशी बोलता यावे आणि त्याच्याकडून चित्र विकत घेता यावे, अशी ही योजना.

येथील चित्रे पाहताच प्रथम जाणवतो तो त्यांतील भरलेपणा. चीनच्या अभिजात निसर्गचित्रांत शाईच्या मोजक्या रेषा असतात आणि कागदाचा बराचसा भाग जाणीवपूर्वक मोकळा सोडलेला असतो. त्या रिकामेपणातून धुके, आकाश किंवा पाणी सुचवले जाते. शेतकऱ्याच्या चित्रात मात्र रिकामी जागा शोधूनही सापडत नाही. बदके, मासे, कोबीचे गड्डे, टोपल्या, मुले, म्हशी यांनी कागद काठोकाठ भरलेला असतो. लाल, हिरवा, निळा, पिवळा असे ठसठशीत रंग शेजारी शेजारी बसतात. ही कला कोठून आली, हे जाणण्यासाठी आपल्याला काही दशके मागे जावे लागेल.

२. आज्ञेने काढलेली चित्रे

चीनमधील शेतकरी-चित्रकलेच्या चळवळीला १९५८ साली मोठा जोर आला. त्या वर्षी माओ त्से-तुंग यांच्या नेतृत्वाखाली ‘मोठी झेप’ नावाची मोहीम सुरू झाली. खेड्यांतील शेती सामुदायिक करण्यात आली आणि अल्पकाळात उत्पादन कित्येक पटींनी वाढवण्याची उद्दिष्टे ठरवण्यात आली. या मोहिमेचा प्रचार करण्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांना भिंती रंगवण्यास सांगण्यात आले. भिंतींवर माणसाहून उंच कणसे उगवली, धान्याच्या राशी डोंगराएवढ्या झाल्या.

प्रत्यक्षात काय घडत होते? उत्पादनाचे फुगवलेले आकडे वर कळवले जात होते आणि त्या आकड्यांच्या आधारे खेड्यांतून धान्य वसूल केले जात होते. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि कोट्यवधी माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांच्या भिंतींवर धान्याचे डोंगर होते, त्यांच्याच घरात दाणा नव्हता. चित्र काढणारा हात शेतकऱ्याचा होता. परंतु पाहणारा डोळा त्याचा नव्हता.

शिआन शहराजवळील हूशिएन या भागातही १९५८ मध्ये शेतकऱ्यांना चित्रकला शिकवण्यास आरंभ झाला होता. १९७३ साली हूशिएनच्या चित्रांचे प्रदर्शन बीजिंगमध्ये भरले आणि पुढील काही वर्षांत ही चित्रे युरोप-अमेरिकेतही दाखवली गेली. विहीर खणणारे, धान्य साठवणारे, सभेत बसलेले आनंदी शेतकरी हे त्यांचे विषय होते. ही चित्रे कौशल्यपूर्ण होती यात शंका नाही. मात्र त्यांच्या घडणीत व्यावसायिक चित्रकारांचा वाटा मोठा होता, हे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. विषयांचे मार्गदर्शनही वरूनच होत असे.

३. चुलीकडे वळलेली नजर

जिनशानमध्येही प्रारंभी हूशिएनच्या धर्तीवरच चित्रे काढली जात. वू तोंगझांग हे चित्रकार तेथील शासकीय सांस्कृतिक केंद्रात काम करत होते आणि शेतकऱ्यांना चित्रकला शिकवत होते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपली शिकवण्याची रीत बदलली. शहरातील चित्रकलेचे नियम खेड्यात आणण्याऐवजी, खेड्यात आधीपासून कोणती कला आहे याचा त्यांनी शोध घेतला.

ती कला घराघरांत होती. या प्रदेशातील चुली विटांच्या, मोठ्या आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या असत. चूल बांधून झाली की गवंडी तिच्यावर फुले, मासे, पक्षी अशी चित्रे काढत असे. चुलीच्या देवासाठी तेथेच एक कोनाडा असे. स्त्रिया लहान मुलांच्या टोप्यांवर आणि जोड्यांवर भरतकाम करत. सणासमारंभाला लाल कागद कातरून नक्षी तयार करत. निळ्या कापडावर पांढरी नक्षी उमटवण्याची कलाही या भागात जुनी होती. कागदाच्या छिद्रित साच्यातून सोयाबीनचे पीठ व चुना यांची खळ कापडावर लावायची आणि मग ते कापड निळीत बुडवायचे. जेथे खळ असेल तेथे रंग चढत नसे. खळ खरवडून काढली की पांढरी नक्षी दिसू लागे.

वू तोंगझांग यांनी भरतकाम करणाऱ्या, कागद कातरणाऱ्या स्त्रियांना रंग आणि कागद दिला. त्यांतील काही जणी वयस्कर होत्या आणि त्यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. तुमची सुई जसे पाहते तसेच कुंचल्याला पाहू द्या, असा त्यांच्या मार्गदर्शनाचा आशय होता. परिणाम पाहता पाहता दिसू लागला. सभा आणि घोषणा यांच्या जागी स्वयंपाकघर, लग्नाची वरात, मासेमारी, बदकांचे कळप आणि हिवाळ्यातील कोवळे ऊन हे विषय चित्रांत आले.

१९८० मध्ये जिनशानच्या चित्रांचे प्रदर्शन बीजिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात भरले. १९८८ मध्ये चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने जिनशान, हूशिएन आणि इतर अनेक ठिकाणांना आधुनिक लोकचित्रकलेची केंद्रे म्हणून मान्यता दिली.

शिक्षकाने येथे काय केले, याचा विचार करा. त्याने या स्त्रियांना कला दिली नाही. ती त्यांच्यापाशी होतीच. त्याने ती ओळखली, आणि तिला ‘कला’ हे नाव मिळवून दिले.

४. चित्रांची स्वतःची रीत

जिनशानच्या चित्रांत दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी, हा नियम पाळला जात नाही. वस्तूचा आकार तिच्या महत्त्वावरून ठरतो. मासे विकणाऱ्या बाईची टोपली तिच्या घराएवढी असू शकते. तळे वरून पाहिल्यासारखे आणि काठावरची माणसे समोरून पाहिल्यासारखी, असे एकाच चित्रात घडते. पाण्याखालचे मासे डोळ्यांना दिसत नाहीत. तरी चित्रात ते एकूण एक दिसतात, कारण ते तेथे आहेत हे शेतकऱ्याला ठाऊक असते. छायाप्रकाशाचा वापर जवळजवळ नसतो. रंग सपाट लावले जातात, जसे कातरलेल्या कागदाचे तुकडे एकमेकांशेजारी चिकटवावेत. भरतकाम आणि कागदकाम करणाऱ्या हातांची ही सवय चित्रांत जशीच्या तशी उतरली आहे.

ज्याला आपण अज्ञान समजू, तेच येथे चित्राचे बळ ठरले आहे. डोळ्याला एका क्षणी जे दिसते ते या चित्रांत नसते. जन्मभर राबून जे कळले आहे ते त्यांत असते.

५. बाजार आणि आठवण

आज या चित्रांपुढे वेगळेच प्रश्न उभे आहेत. १९७८ मध्ये चीनच्या लोकसंख्येपैकी शेकडा सुमारे १८ लोक शहरांत राहत होते. २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. शांघायच्या सीमेवरील जिनशानही बदलले. १९७२ पासून तेथील समुद्रकिनाऱ्यावर एक विशाल तेलरसायन प्रकल्प उभा राहिला. नांगर ओढणाऱ्या म्हशी शेतांतून गेल्या, विटांच्या चुलींच्या जागी गॅसच्या शेगड्या आल्या. चित्रांत मात्र म्हैस आहे आणि चूलही आहे. एकेकाळी जे रोजचे जगणे होते, ते आता आठवणीचे विषय झाले आहेत.

चित्रग्रामात येणाऱ्या पाहुण्यालाही हेच हवे असते. जी चित्रे अधिक खपतात, त्यांच्या प्रती पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात. त्यातून चित्रकाराच्या घरी पैसा येतो, मुलांचे शिक्षण होते, कलेला मान मिळतो. हे लाभ लहान नाहीत. परंतु ग्राहकाला आवडेल तेवढेच काढत राहिले, तर आज्ञेची जागा मागणी घेते. शेतकऱ्याचा डोळा पुन्हा एकदा दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची भीती असते.

मग उपाय कोणता? चित्रविक्री थांबवणे हा नव्हे. कलावंताला पोट असतेच. पूर्वीच्या पिढीने आपल्या काळातील चूल रंगवली. नव्या पिढीला आपल्या काळातील जे दिसते, मग तो उंच पूल असो, कारखान्याचे फाटक असो की शहरात गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आजी असो, ते रंगवण्याचे स्वातंत्र्य आणि बळ मिळाले पाहिजे. चित्रग्राम जिवंत आहे की नाही, हे तेथील भिंतींवरच्या रंगांवरून ठरणार नाही. विषय निवडणारा डोळा कोणाचा आहे, यावरून ते ठरेल.

शब्दार्थ

सान्निध्य – जवळीक, सहवास
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी (जमीन)
अभिजात – उच्च परंपरेतील, दर्जेदार
छिद्रित – छिद्रे पाडलेला
खळ – पिठापासून केलेला चिकट लगदा
कुंचला – रंग देण्याचे साधन
आशय – मुख्य अर्थ, सार

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) ‘मोठी झेप’ ही मोहीम ______ साली सुरू झाली. (१९५८ / १९७३ / १९८८)
(आ) जिनशानच्या चित्रांत वस्तूचा आकार तिच्या ______ ठरतो. (अंतरावरून / महत्त्वावरून / रंगावरून)
२. कापडावर ज्या जागी खळ लावलेली असते, तेथे रंग का चढत नसावा? विचार करून सांगा.
३. ‘चित्र काढणारा हात शेतकऱ्याचा होता, परंतु पाहणारा डोळा त्याचा नव्हता.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• जिनशानच्या चित्रकलेची मुळे चुलीवरील चित्रे, भरतकाम, कागदकाम आणि निळे छापील कापड यांत आहेत.
• लोकांपाशी असलेली कला ओळखणे हेही शिक्षकाचे मोठे कार्य असते.
• शासनाची आज्ञा आणि बाजाराची मागणी या दोन्हींचा कलेच्या विषयांवर परिणाम होतो.
• कलावंताने स्वतःच्या अनुभवातून विषय निवडला की कला जिवंत राहते.

स्वाध्याय

१. अभिजात चिनी निसर्गचित्र आणि जिनशानचे शेतकरी-चित्र यांतील फरक सांगा.
२. वू तोंगझांग यांनी शिकवण्याच्या रीतीत कोणता बदल केला? त्याचे परिणाम लिहा.
३. ‘आज्ञेची जागा मागणी घेते’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण उत्तर लिहा.
४. उपक्रम : तुमच्या घरात किंवा परिसरात रांगोळी, भरतकाम, विणकाम, भिंतीवरील चित्रे अशी कोणती कला आहे? ती जोपासणाऱ्या व्यक्तीशी बोला. ती व्यक्ती आपले विषय कसे निवडते, ते विचारा आणि दहा-बारा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १९५८ (आ) महत्त्वावरून
२. खळीच्या थरामुळे निळीचे पाणी कापडाच्या धाग्यांपर्यंत पोहोचत नाही.
३. चित्र शेतकऱ्यानेच काढले. परंतु त्यात त्याने स्वतः अनुभवलेली परिस्थिती नव्हती. त्याला जे दाखवण्यास सांगितले गेले, तेच त्याने दाखवले.