सप्लाय तोडला तरी मोटर मेलेली नसते

जळगावच्या मेहरूणला राहून जवळच्या एमआयडीसीत मी मोटरी उघडायला शिकलो. तेव्हा हाताखालून जायच्या त्या साध्या इंडक्शन मोटरी. सप्लाय तोडा, वायरी सोडा, साइड कव्हर ठोकून काढा, रोटर हातानं बाहेर ओढा. पुढं मशिनांवर सर्व्हो मोटरी आल्या आणि हीच सवय घातक ठरली.

एका कारखान्यात जुनी सर्व्हो भंगारात काढायची होती. हेल्परनं कव्हरासकट रोटर जेमतेम बाहेर काढला, तोच तो तिरका झाला. स्टेटरनं त्याला असा आत खेचला, की पोराची बोटं कव्हर आणि बॉडीच्या मध्ये सापडली. एक नख गेलं, बोटं वाचली.

सर्व्होच्या रोटरवर बहुधा निओडिमियमचे चुंबक असतात, ते बंद करता येत नाहीत. शाफ्ट फिरला की मोटरीचा जनरेटर होतो. पंख्याला वारा लागला किंवा पंपातून पाणी उलटं उतरलं, तरी टर्मिनलवर व्होल्टेज येतं. म्हणून आधी लोड टेकवा, कपलिंग सोडा, शाफ्ट जाम करा. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्येही चार्ज उरतो. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग मीटरनं मोजा. टेस्टरवर भिस्त नको.

रोटर काढताना शाफ्टला दोन्ही टोकांना आधार द्या आणि पुलरच्या आट्यांनी हळूहळू सरळ काढा. तो लोखंडी टेबलावर ठेवू नका, जाड लाकडी खोक्यात ठेवा. घड्याळ, मोबाइल लांब. पेसमेकर असलेल्या माणसानं त्या खोलीत येऊच नये. हातोडा मारलात तर चुंबकाच्या कपच्या डोळ्यात जातात, आणि ग्राइंडर लावलात तर त्याची बारीक भुकटी पेट घेते. अशा आगीवर पाणी नको, कोरडी वाळू टाका.

काही जण तांब्यासाठी अख्खी मोटर जाळतात. वॉर्निशचा तो धूर विषारी असतो. शिवाय जाळल्यानं चुंबक मरतो, हा भरवसाही नको: चुंबकत्व पुरतं जायला सुमारे ३१० अंश लागतात, आपला ४५ चा उन्हाळा त्याला काय करणार! आणि उघड्या जाळात सगळे चुंबक सारखे तापतीलच असं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये चीननं या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून त्यांची किंमत बऱ्याच जणांना कळली. माझ्या ओळखीचा भंगारवाला अजून लोखंडाचाच भाव लावतो. त्याला द्यायचा असेल तर रोटर वेगळा द्या आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘चुंबक’ लिहा, कारण टेम्पोत माल चढवणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही.