वही घरी ठेवून ये

बेटा, कथा अडली म्हणून तीन आठवडे तू वहीपुढे बसून आहेस, असं तुझी आई सांगत होती. आधी ती वही मिट.

निवांतपणा मिळाला की सुचेल, हा भ्रम मलाही होता. तरुणपणी एकदा अडावदजवळच्या उनपदेवला चार दिवस मुक्काम ठोकला. गरम झऱ्यावर अंघोळी झक्क झाल्या. ओळ एकही झाली नाही.

आसोद्याच्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरचे ती उतरवून घ्यायचे. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. समोर कोरा कागदच नाही, तर त्याचा धाक कुठून असणार? एखाद्या पहाटे त्यांनाही सुचलं नसेल. पण दळण काही त्यासाठी थांबत नव्हतं.

म्हणून माझी रीत अशी. अडलं की संध्याकाळी ओसरीवर शेंगांचं सूप घेऊन तुझ्या आजीजवळ बसतो आणि फोडता फोडता गोष्ट सांगतो. वाचून दाखवत नाही, सांगतो. 'कशी वाटली' असं चुकूनही विचारत नाही, कारण ती 'बरी आहे' म्हणते आणि आपण फसतो. लक्ष तिच्या बोटांकडे ठेवायचं. टकटक एका लयीत चालू असली तर गोष्ट अजून मेलेलीच आहे. शेंग अर्धवट फुटून हातातच राहिली आणि "मंग काय व्हयनं?" असं तिच्या तोंडून निघालं, की लिखाण तिथून सुरू करायचं. आधीची चार पानं पोचट शेंगांबरोबर टोपलीत.

पात्र पुस्तकी बोलायला लागलं, तर त्याला अहिराणीत भांडायला लाव. भांडण संपलं की हवं तर प्रमाण भाषेत आण. पण आधी भांडू दे.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिली, हे सगळे सांगतात. त्याआधी तापीपल्याड अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, ते कुणी फारसं सांगत नाही. रोज लिहिणाऱ्यालाच असे पाच दिवस लाभतात, असं माझं मत. शेतातली लाइट रात्री-बेरात्री येते, तेव्हा मोटारीपाशी माणूस हजर लागतो. नाहीतर केळी तहानलेलीच राहते. सुचण्याचंही तसंच. तुझीही एक वेळ ठरव. सुचो न सुचो, अर्धा तास बस. अर्ध्या तासानंतर मात्र ऊठ, कुढत बसू नकोस.

रविवारी ये. पायलीभर शेंगा फोडायच्या आहेत आणि आजीला तुझी गोष्ट अजून माहीत नाही.